घाबरणारा आणि टाळणारा

काही वर्षांपूर्वी ओपीडी संपल्यावर एक इंटर्न दाराशी थांबली. नीट-पीजीचा निकाल लागला होता, रँक बरी होती, प्रवेशाचे पसंतीक्रम भरायचे होते. तिने विचारलं, "सर, मला सायकियाट्री घ्यायचीये. पण सेकंड इयरपासून मला स्वतःलाच पॅनिक अटॅक येतात. घेऊ का?" मी हसून म्हणालो, "अगं, मग तर तूच घ्यायला हवी. तुझ्याइतकं पेशंटला कोण समजून घेणार?" तिचा चेहरा खुलला आणि ती गेली. मी चुकीचं उत्तर दिलं होतं. उपचार चालू आहेत का, कोणाकडे, झटका आला की ती काय करते, यातलं मी काहीही विचारलं नव्हतं. तिला घटकाभर बरं वाटेल असं बोलून मी मोकळा झालो होतो. चिंताविकाराच्या पेशंटला अशी फुकाची आश्वासनं देऊ नयेत, असं मीच वर्गात शिकवत होतो.

हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती. या प्रश्नावर आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ज्याचं स्वतःचं मन ठिकाणावर नाही तो दुसऱ्याचं मन काय सांभाळणार; लोकांना ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या कोरड्या पाषाणांत आणखी एकाची भर. दुसरं म्हणतं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. सोसलेला माणूसच खरा उपचारक. पहिल्या मताला आपण जुनाट म्हणून हसतो आणि दुसऱ्याला संवेदनशील म्हणून मान डोलावतो. माझ्या मते दोन्ही सारखीच उथळ आहेत, कारण दोघांचीही नजर एकाच चुकीच्या गोष्टीवर आहे: आजार आहे की नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणून कोण चालेल आणि कोण धोक्याचा ठरेल, हे निदानावरून कळत नाही. भीती वाटल्यावर तो माणूस काय करतो, यावरून कळतं. घाबरणारा डॉक्टर चालतो. टाळणारा डॉक्टर चालत नाही, मग त्याच्या फाइलवर एकही निदान नसलं तरी.

१. काळजी वेगळी, विकार वेगळा

'टेन्शन' या एका शब्दात आपण इतकं काही कोंबलं आहे की आजार आणि स्वभाव यांतली सीमाच पुसली गेली. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न लागणं म्हणजे चिंताविकार नव्हे. चिंताविकार हे एका आजाराचं नाव नसून आजारांच्या कुटुंबाचं आहे. महिनोन्‌महिने सगळ्याचीच काळजी वाहणारा व्यापक चिंताविकार त्यात येतो, अचानक उसळणारे पॅनिकचे झटके येतात, चारचौघांसमोर बोलण्याची धास्ती येते, एखाद्या वस्तूचा किंवा जागेचा भयगंड येतो. मंत्रचळ पूर्वी याच घरात होता. २०१३ साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीने त्याला वेगळी चूल मांडून दिली. 'लॅन्सेट सायकियाट्री'ने २०२० मध्ये छापलेल्या अंदाजानुसार २०१७ साली भारतात सुमारे साडेचार कोटी लोकांना चिंताविकार होता, जवळजवळ नैराश्याच्या रुग्णांइतक्याच. एवढ्या मोठ्या संख्येत डॉक्टर नसतील, असं मानायला काही आधार नाही.

आता यंत्रणा बघू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. पॅनिकचा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, बोटांना मुंग्या येतात, आपण आता मरणार किंवा वेडे होणार अशी खात्री पटते, आणि दोन्हीपैकी काही होत नाही. आजार टिकतो तो झटक्यामुळे कमी. झटका येऊ नये म्हणून माणूस जे जे करतो, त्यामुळे जास्त. लोकल टाळायची, लिफ्ट टाळायची, सभागृहात दाराजवळची खुर्ची धरायची, खिशात गोळ्यांची स्ट्रिप ठेवायची आणि ती आहे ना हे दर तासाला चाचपायचं. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि हे हायसं वाटणंच मेंदूला शिकवतं की धोका खरा होता, बरं झालं आपण पळालो. वर्तुळ दर फेरीला आवळत जातं. म्हणून उपचाराचा गाभा टाळणं सोडण्यात आहे: भीतीदायक गोष्टीला ठरवून, पायरीपायरीने सामोरं जायचं आणि भीती चढत असताना तिथेच थांबायचं. औषधं त्याला मदत करतात, पण त्याची जागा घेत नाहीत.

हे सोप्या भाषेत सर्वसामान्यांपर्यंत पोचवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स आघाडीवर होत्या. तरुणपणी क्षयाचं चुकीचं निदान झालं, त्या धसक्यातून त्यांना धडधडीने ग्रासलं. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका मित्राने सांगितलं की खंदकातल्या सैनिकांची छातीही भीतीने अशीच धडधडायची. वीक्स यांना आपल्या आजाराची किल्ली मिळाली: धडधडीशी झुंजायचं नाही आणि तिच्यापासून पळायचंही नाही. त्या प्राणिशास्त्रातल्या संशोधक. वैद्यकशास्त्राकडे त्या नंतर वळल्या आणि १९६२ साली या विषयावर लिहिलेलं त्यांचं पुस्तक जगभर खपलं. मनोविकारशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे त्या क्षेत्रातल्या पुष्कळांनी त्यांना फारसं मोजलं नाही. पण सामोरं जाण्याच्या आजच्या उपचारपद्धतीत त्यांनी सांगितलेलं पुष्कळसं सापडतं.

२. 'आधी स्वतःला बरं करा' या म्हणण्यात किती दम आहे?

या आक्षेपाला ठरलेलं उत्तर असतं: मधुमेही डॉक्टर मधुमेहाचे रुग्ण तपासतोच ना? मला हे उत्तर आळशी वाटतं. मधुमेहतज्ज्ञाच्या रक्तातली साखर वाढली म्हणून समोरच्याचा रिपोर्ट त्याला वेगळा दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे मात्र निदान ठरवणारा रक्ताचा रिपोर्ट नाही, स्कॅन नाही. ऐकणं, थांबणं, शांतता सोसणं आणि समोरच्याच्या अवस्थेचा अंदाज घेणं एवढीच त्याची हत्यारं, आणि ती सगळी त्याच्या स्वतःच्या मनात ठेवलेली. म्हणजे आक्षेपात दम आहे. तो मधुमेहाचं उदाहरण देऊन उडवून लावणं हा आक्षेप घेणाऱ्याचाही अपमान आहे आणि आमच्या शाखेचाही.

पण मन हे हत्यार आहे एवढं मान्य केल्याने ते बोथट आहे हे सिद्ध होत नाही. इथे कायदा आपल्या गप्पांच्या पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकाराचं निदान आणि निर्णयक्षमता यांची फारकत केली. एखाद्याला मनोविकार आहे एवढ्यावरून तो असमंजस ठरत नाही; अमुक निर्णय तो घेऊ शकतो का, हे त्या त्या निर्णयापुरतं आणि त्या त्या वेळेपुरतं तपासायचं. मनोरुग्णालयात दाखल असलेल्या माणसाच्या बाबतीतही हेच लागू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असंच सांगितलं. त्याला बोलण्याचा दोष होता, आणि त्याची टक्केवारी जास्त म्हणून एमबीबीएसचा प्रवेश नाकारला जात होता. न्यायालय म्हणालं की नुसत्या टक्केवारीवरून दार बंद करता येणार नाही; हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे मंडळाने प्रत्यक्ष तपासलं पाहिजे. प्रकरण वाचादोषाचं होतं, चिंताविकाराचं नव्हतं. तत्त्व मात्र तेच: लेबल बघू नका, काम बघा.

रुग्णांच्या बाबतीत हा फरक आम्ही न्यायाधीशांसमोर तावातावाने मांडतो. आमच्याच निवासी डॉक्टरच्या बाबतीत तो विसरतो आणि स्टाफरूममध्ये म्हणतो, "अरे, तो जरा तसाच आहे, त्याला इमर्जन्सी देऊ नका." हा दुटप्पीपणा पहिल्या मताचं खरं बळ आहे. त्यामागे कुठलंही शास्त्र नाही.

३. 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' हे अर्धंच खरं

दुसऱ्या मताकडे वळताना आधी त्याचं देणं देऊन टाकू. अनुभवातून एक गोष्ट नक्की मिळते, ती म्हणजे भाषा. आपल्या ओपीडीत चिंताविकाराचा रुग्ण 'मला चिंता वाटते' असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, छातीत गॅस चढतो, डोकं हलकं होतं, पायातलं त्राण जातं, आणि सगळ्यांत जास्त वेळा म्हणतो, 'कसंतरीच होतं'. या 'कसंतरीच'मध्ये काय काय आहे, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. ज्याने ते भोगलंय तो पुढचा प्रश्न बरोबर विचारतो: "होतं तेव्हा तिथून उठून जावंसं वाटतं का?" रुग्ण चमकून वर बघतो. हा फायदा खरा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही.

पण तो एका रुग्णापुरता अनुभव आहे, आणि तो रुग्ण आपण स्वतः. इथूनच घसरण सुरू होते. मला ज्या औषधाने गुण आला तेच औषध माझ्या हाताला सवयीचं होतं. मी आठ महिन्यांत सावरलो, मग या बाईंना दोन वर्षं का लागताहेत, असा अधीरपणा येतो. मला लोकलची भीती होती म्हणून लोकलची भीती असलेला रुग्ण मला आवडतो, आणि ज्याची भीती वेगळ्या वाटेने, दारूच्या किंवा घरातल्या मारहाणीच्या वाटेने आली, त्याच्या गोष्टीत मी माझीच गोष्ट शोधत बसतो. सहानुभूती आणि ओळख पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख पटली की आपण ऐकणं थांबवतो, कारण पुढचं आपल्याला माहीत आहे असं वाटतं.

या मताचे पुरस्कर्ते मोठी नावं घेतात. ती नावंच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतात. मार्शा लिनेहन यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या, दोन वर्षांहून अधिक काळ. तोवर स्वतःला इजा करणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी घडवलेली उपचारपद्धती जगभर मान्य झाली होती. पण ती मान्य झाली ती १९९१ पासून छापून आलेल्या नियंत्रित चाचण्यांच्या जोरावर. तेव्हा त्यांच्या सोसण्याची गोष्ट जगाला माहीतही नव्हती. कॉग्निटिव्ह थेरपी घडवणाऱ्या ॲरन बेक यांना लहानपणच्या आजारपणापासून रक्ताची आणि जखमांची भीती होती. डॉक्टर होताना शस्त्रक्रियागृहात उभं राहून त्यांनी ती हळूहळू जिरवली. अल्बर्ट एलिस हे 'मी अल्बर्ट एलिस' या डॉ. अंजली जोशींच्या कादंबरीमुळे आणि त्यांच्या विवेकनिष्ठ उपचारांच्या ठाणे-पुण्यातल्या प्रसारामुळे मराठी वाचकाला घरचेच वाटतात. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण धास्ती होती. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात त्यांनी महिनाभरात शंभर अनोळखी बायकांशी ठरवून गप्पा मारल्या. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. धास्ती मात्र गेली.

या तिघांना त्रासाने मोठं केलं नाही. त्रास तर कोट्यवधींना होतो. त्यांनी त्या त्रासावर पद्धत लावली, पद्धत तपासली आणि टाळण्याचं सुख नाकारलं. 'जखमी वैद्य' या प्रतिमेचं आपल्याला जरा जास्तच प्रेम आहे. त्यातली जखम लक्षात राहते, मलमपट्टी नाही.

४. धोका नेमका कुठे असतो

समजा मनोविकारतज्ज्ञाच्या खुर्चीत चिंताविकाराचा माणूस बसला आहे आणि त्याचा आजार उपचाराविना तसाच आहे. रुग्णाचं काय नुकसान होईल? लोकांना वाटतं, डॉक्टरलाच तिथे झटका येईल. तसं झालं तरी फारसं बिघडत नाही. पाणी पिऊन पाच मिनिटांत तो परत येतो. खरं नुकसान शांतपणे होतं आणि ते केसपेपरवर दिसत नाही.

पहिली जागा आत्महत्येच्या प्रश्नाची. "जीव नकोसा वाटतो का? तसं काही मनात येतं का?" हे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे हे संशोधनाने पुरेसं दाखवलं आहे. तरीही दुपारी दीड वाजता, बाहेर तीस माणसं ताटकळत असताना, 'हो' हे उत्तर ऐकण्याची भीती वाटते. कारण 'हो' म्हटलं की नातेवाइकांना बोलवा, दाखल करा, लिहा, रात्री झोपेत दचकून उठा. टाळणारा डॉक्टर प्रश्नच असा विचारतो की उत्तर 'नाही' यावं: "तसं काही वाईटसाईट मनात येत नाही ना?" दुसऱ्या टोकाचा डॉक्टर प्रत्येक 'हो'ला घाबरून दाखल करत सुटतो. दोघंही रुग्णाचा धोका मोजत नाहीत, स्वतःची घालमेल कमी करत असतात.

दुसरी जागा आश्वासनाची. चौथा ईसीजी घेऊन आलेल्या रुग्णाला "काही नाही हो, अगदी नॉर्मल आहे" असं म्हणणं सोपं असतं, त्याचा चेहरा लगेच खुलतो, आणि आठवड्याने तो पाचवा घेऊन येतो. (माझ्या दाराशी थांबलेल्या त्या मुलीला मी हेच दिलं होतं.) तिसरी जागा गोळीची. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामने अर्ध्या तासात शांत वाटतं. रुग्णालाही आणि त्याची तडफड बघवत नसलेल्या डॉक्टरलाही. थोड्या दिवसांसाठी म्हणून सुरू केलेली गोळी मग वर्षभर लिहिली जाते, कारण ती बंद करण्याचा संवाद कटकटीचा असतो.

चौथी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भीतीला सामोरं नेण्याचा उपचार परिणामकारक आहे हे दशकानुदशकं माहीत असूनही तो मिळायला हवा तितक्या रुग्णांना मिळत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्लेन वॉलर यांनी २००९ मध्ये या घसरणीवर लिहिलं: उपचारक हळूहळू उपचारातल्या अवघड कृती सोडतात आणि नुसत्या गप्पांकडे सरकतात. ब्रेट डीकन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अशा उपचाराबद्दलच्या उपचारकांच्याच भीतीयुक्त समजुती मोजणारी प्रश्नावली तयार केली. रुग्णाला सहन होणार नाही, तो सोडून जाईल, काहीतरी विपरीत घडेल, या त्या समजुती. रुग्णाला लिफ्टमध्ये नेऊन तिथेच थांबायचं, तर डॉक्टरलाही लिफ्टमध्ये थांबावं लागतं. डॉक्टर स्वतः टाळणारा असेल तर तो रुग्णाच्या टाळण्याला 'पेशंटची तयारी नाही' असं गोंडस नाव देतो.

आता या चारही जागा पुन्हा बघा. यातलं काहीही करायला चिंताविकाराचं निदान लागत नाही. मी हे सगळं ठणठणीत, हसतमुख, रात्री गाढ झोपणाऱ्या सहकाऱ्यांना करताना पाहिलं आहे आणि स्वतःही केलं आहे. वॉलर आणि डीकन यांचं लिखाणही आजारी उपचारकांबद्दल नाही, साधारण उपचारकांबद्दल आहे. ज्याला निदान मिळालं, जो उपचाराच्या त्या कंटाळवाण्या पायऱ्या चढला, त्याला किमान आपण कुठे कुठे पळतो याचा नकाशा तरी ठाऊक असतो. बाकीच्यांना आपण पळतो आहोत हेच माहीत नसतं. म्हणून चिंताविकार असलेला डॉक्टर सरस ठरतो, असं मी म्हणत नाही. ते पुन्हा दुसऱ्या मताच्या खड्ड्यात पडणं होईल. उपचार झालेला आणि न झालेला हा फरक, आजारी आणि निरोगी या फरकाहून मोठा आहे, एवढंच माझं म्हणणं.

५. 'शांत ब्रांच' नावाची अफवा

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, ती शाखा निवडण्याची. हॉस्टेलवर सर्रास सल्ला मिळतो: "तुला टेन्शन झेपत नाही ना, मग सायकियाट्री घे. शांत ब्रांच आहे. रक्त नाही, इमर्जन्सी नाही." हा सल्ला दोनदा चुकीचा आहे.

एक तर शाखा शांत नाही. एमडीच्या तीन वर्षांत दारू सुटल्यावर कापरं भरून भ्रमात गेलेला रुग्ण रात्री तीनला येतो. त्याला दोघं धरतात आणि तुम्ही शीर शोधता. खाणं, बोलणं, हलणं थांबलेली मुलगी येते आणि तिच्यासाठी विद्युतोपचाराच्या खोलीत भूलतज्ज्ञाच्या शेजारी उभं राहायचं असतं. लिथियमची पातळी चढलेला रुग्ण येतो. कीटकनाशक प्यायलेल्या शेतकऱ्याशी मेडिसिनच्या अतिदक्षता विभागात, नळ्यांच्या गर्दीत बोलायचं असतं. आणि कधी ना कधी तुमच्या रुग्णांपैकी एखादा आत्महत्या करतो. अमेरिकेत १९८८ साली छापून आलेल्या एका पाहणीत उत्तर देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांपैकी ५१ टक्क्यांनी हे अनुभवलं होतं. सर्जनला टेबलावरच्या मृत्यूसाठी तयार केलं जातं. आम्हाला या मृत्यूसाठी कोणी तयार करत नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे. टाळण्यासाठी निवडलेली शाखा हे आजाराचंच लक्षण आहे. करिअरच्या आकाराचं, आयुष्यभर टिकणारं टाळणं. शस्त्रक्रियेत हात थरथरतात म्हणून जो तिथून निघाला, त्याची थरथर त्याच्याबरोबरच येते. इथे ती फक्त वेगळ्या क्षणी उठते, रुग्ण रडायचा थांबून गप्प बसला की. म्हणून मी आता विचारतो: ही शाखा तुला आकर्षून घेते आहे, की बाकीच्या शाखा तुला ढकलताहेत? पॅनिक उद्या कायमचं गेलं तरी हीच शाखा घेशील का? उत्तर चटकन 'हो' आलं नाही तर घाई करू नये. आधी उपचार घ्यावा, मग फॉर्म भरावा. सीट पुढच्या वर्षीही असते, असं मी म्हणतो. हे सांगणं मला सोपं आहे आणि रिपीटर बॅचच्या फीचा हप्ता भरणाऱ्या घराला अवघड, याची मला जाणीव आहे.

६. काही आक्षेप, थोडक्यात

रुग्णाला हे कळण्याचा हक्क नाही का? नाही. डॉक्टरचा आजारही आजारच, आणि त्याची गोपनीयता रुग्णाइतकीच राखायला हवी. रुग्णाला हक्क आहे तो सक्षम उपचाराचा. डॉक्टरने आपणहून सांगावं का, याला माझं उत्तर 'क्वचित' असं आहे, आणि त्याची कसोटी सोपी आहे: सांगितल्याने कोणाला बरं वाटणार आहे, समोरच्याला की मला?

गोळ्या घेऊन ड्यूटी कशी करायची? चिंताविकारावर दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं नेमून दिलेल्या मात्रेत नियमित घेणारे असंख्य लोक जबाबदारीची कामं करतात, त्यात डॉक्टरही आहेत. बधिर करतात ती बहुधा झोपेची आणि शामक औषधं, विशेषतः स्वतःच्या मनाने घेतलेली.

आजार उलटला तर? उलटेल, कधीतरी. पाठीचा मणका सरकलेला सर्जन रजा घेतो, तशी रजा घ्यावी. रजा कधी घ्यायची हे मात्र एकट्याने ठरवू नये. चिंताविकाराच्या माणसाचा स्वतःबद्दलचा निवाडा नेहमी कडक असतो. ज्या दिवशी त्याने उत्तम काम केलं, त्याच रात्री आपण नालायक आहोत अशी त्याची खात्री पटते. स्वतःच्या कामाबद्दल त्याचं मत हा पुरावा म्हणून धरता येत नाही. त्यासाठी बाहेरचे दोन डोळे लागतात: उपचार करणारा एक आणि कामावर देखरेख करणारा दुसरा. हे दोघं एकच माणूस नसावेत.

शेवटचा आक्षेप संख्येचा. देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही, अंदाज ०.७५ च्या आसपास आहे. मग कोणालाही घ्या की! हा युक्तिवाद मला पटत नाही. टंचाई आहे म्हणून निकष सैल करू नयेत आणि नुसतं निदान बघून चांगली माणसं गाळूही नयेत.

७. टाळणारी संस्था

इथवर मी एकट्या माणसाबद्दल बोललो. पण टाळणं संस्थांनाही जमतं, आणि त्या ते माणसांपेक्षा सफाईने करतात.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. पंचवीस हजारांहून अधिक पदवी विद्यार्थी आणि पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थी पाहणीत होते. २७.८ टक्के पदवी विद्यार्थ्यांनी आणि १५.३ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्याला मनोविकाराचं निदान झाल्याचं सांगितलं. आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण मात्र उलटं होतं: पदवीला १६.२ टक्के, पदव्युत्तरला ३१ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. जिथे मरणाचे विचार जवळजवळ दुप्पट, तिथे निदान जवळजवळ निम्मं. माझा याचा अर्थ असा: वर चढाल तसा त्रास कमी होत नाही, तो सांगणं कमी होतं. याच अहवालाने निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ७४ तासांच्या वर नेऊ नये आणि आठवड्याची एक सुट्टी द्यावी, असं सुचवलं. ७४ ही संख्या सवलत म्हणून सुचवावी लागते, यातच परिस्थिती आली.

न सांगितलेला त्रास कुठे जातो, हे प्रत्येक हॉस्टेलला माहीत आहे. व्हायव्हाच्या आधी मित्राने दिलेली प्रोप्रानोलॉल, कंपनीच्या माणसाने टेबलावर ठेवलेल्या नमुन्यातली क्लोनाझेपामची स्ट्रिप, ज्युनियरच्या चिठ्ठीवर दुसऱ्याच नावाने आणलेली एसएसआरआय. आणि मनोविकार विभागातल्या निवासी डॉक्टरची कोंडी तर सर्वांत मोठी. बाकीच्या शाखांचे निवासी निदान आमच्या ओपीडीत येऊ तरी शकतात. आमच्या निवासीने कोणाकडे जायचं? शहरातले ओळखीचे सगळे मनोविकारतज्ज्ञ त्याचे शिक्षक, परीक्षक किंवा शिक्षकांचे मित्र. ज्या सरांना तो आपल्या झटक्यांबद्दल सांगेल, तेच सर दोन वर्षांनी त्याचा व्हायव्हा घेणार. गोपनीयतेचं कलम कायद्यात आहे. पण चहाच्या टपरीवर कायदा पोचत नाही. लंडनमध्ये २००८ साली फक्त डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्यासाठी, त्यांच्या वरिष्ठांना न कळवता उपचार देणारी सेवा सुरू झाली आणि पुढे ती इंग्लंडभर गेली. तिथले डॉक्टर आपल्यापेक्षा नाजूक होते म्हणून नव्हे. डॉक्टर डॉक्टरकडे जात नाहीत हे त्यांनी मान्य केलं म्हणून.

आपल्याकडे तेवढी यंत्रणा उभी राहायला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र कोणत्याही विभागप्रमुखाला याच वर्षी करता येईल. नव्या बॅचच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक निवासी डॉक्टरच्या हातात एक कागद द्यायचा. त्यावर दोन-तीन तज्ज्ञांची नावं: आपल्या विभागातली नव्हेत, आपल्या विद्यापीठाच्या परीक्षक मंडळावरची नव्हेत, शक्यतो दुसऱ्या शहरातली, फोनवर वेळ देणारी. खाली एक ओळ: यांच्याकडे कोण गेलं हे आम्ही विचारणार नाही. त्याखाली विभागप्रमुखाची सही. खर्च एका कागदाचा. विभागप्रमुखांनो, तो काढा.

माझ्या सगळ्या नोकरीत मी तो एकदाही काढला नाही.